धोका कायम आहे काय?

शिरूर आणि दौंड ही पुणे जिल्ह्याची दोन टोकं. शिरूरला घोडनदी ओलांडली की अहिल्यानगर जिल्हा लागतो, दौंडला भीमा ओलांडली की तोच. हत्यारांची परंपरा दोन्ही गावांना आहे. शिरूरला इंग्रजांची छावणी होती. कॅप्टन स्टॉन्टनची पलटण ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कोरेगावकडे निघाली ती इथूनच. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट आहेत, पाच नंबर आणि सात नंबर. तिथली पोरं परेडचे हुकूम ऐकतच मोठी होतात. अशा या दोन गावांकडे माझे दोन परवानाधारक नातेवाईक राहतात. शिरूर तालुक्यात मामा, दौंडला दाजी. मामांकडे बाराबोअरची दोन नळ्यांची बंदूक, दाजींकडे पॉइंट बत्तीसचं रिव्हॉल्वर. या हत्यारांच्या जोरावर दोघांनी आजवर एकच गोष्ट मारली आहे, ती म्हणजे हेलपाटे.

ज्यांच्या घरात हत्यार नाही त्यांना वाटतं, बंदूक असणं म्हणजे केवढी मोठी गोष्ट. तसं काही नाही. बंदूक दुकानात मिळते. मोठा असतो तो परवाना, आणि त्याहून मोठं असतं त्याचं नूतनीकरण. आपला शस्त्र अधिनियम १९५९ चा, त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे. पूर्वी परवान्याची मुदत तीन वर्षं असायची. २०१९ च्या डिसेंबरात कायदा दुरुस्त झाला आणि ती पाच वर्षं झाली. मामांनी पेढे वाटायची तयारी केली होती, तेवढ्यात त्याच दुरुस्तीतलं पुढचं कलम कुणीतरी वाचून दाखवलं. पूर्वी एका माणसाला तीन हत्यारं ठेवता येत, आता दोनच. तिसरं असेल तर वर्षभरात जमा करा. मामांकडे तिसरं नव्हतंच, दुसरंही नव्हतं, तरीही आपलं काहीतरी सरकारनं काढून घेतलं असं त्यांना वाटलं आणि पेढे राहिले ते राहिलेच.

स्वसंरक्षणासाठी परवाना हवा असेल तर दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. एक, तुम्ही अत्यंत सज्जन आहात. तुमच्यावर गुन्हा नाही, डोकं ठिकाणावर आहे, शेजारीपाजारी तुमच्याबद्दल बरं बोलतात. दोन, एवढं सगळं असूनही कोणीतरी तुमच्या जिवावर उठलं आहे. चांगल्याला शत्रू नसतो हे आपण सप्ताहातल्या कीर्तनात ऐकतो. कचेरीत ते चालत नाही. तिथे चांगल्याला शत्रू लागतोच, आणि तो कागदोपत्री लागतो.

मामांना तो वेळेवर मिळाला. बांधाला बांध लागून असलेल्या शेजाऱ्याशी त्यांचं हातभर जमिनीवरून वाजलं. शेजारी म्हणाले, "बघून घेईन." आपल्याकडे हे वाक्य दिवसातून शंभर जण शंभर जणांना म्हणतात आणि संध्याकाळी एकाच टपरीवर चहा पितात. पण मामा तडक ठाण्यात गेले, अदखलपात्र नोंद करून आले आणि तिची नक्कल लॅमिनेट करून घेतली. आजही ती त्यांच्या देव्हाऱ्याच्या मागे आहे. रानडुकरं पिकात शिरतात हे कारण जोडीला होतंच. पुढे चौकशी, जबाब, अहवाल असं सगळं यथासांग होऊन जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीशिक्क्याचा परवाना हाती आला. ग्रामीण भागाला परवाना जिल्हाधिकारी देतात आणि शहरात पोलीस आयुक्त. त्यामुळे मामा आजही "मला कलेक्टरांनी दिलाय" असं सांगतात, जणू कलेक्टर स्वतः बंदूक घेऊन मळ्यात आले होते.

पण काळ कुणासाठी थांबत नाही, भांडणासाठी तर नाहीच. ज्यांनी बघून घेईन म्हटलं होतं त्यांच्या मुलाला मामांची धाकटी लेक दिली. त्यांनी बघितलं ते एवढंच, आणि पसंत केलं. बांध आहे तिथेच राहिला, वैर गेलं, आणि शत्रू व्याही होऊन दर सोमवारी बाजार करून परतताना मामांच्या ओट्यावर टेकू लागले. अशातच नूतनीकरणाची चौकशी आली. चौकशीत एक प्रश्न असतोच असतो: परवानाधारकाच्या जीवितास असलेला धोका कायम आहे काय?

त्या दिवशी मी तिथे होतो. हवालदार कागद मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी विचारलं, "मामा, धोका नक्की कुणाकडून?"

मामांनी समोर पोहे खात बसलेल्या व्याह्यांकडे बोट केलं. "ह्यांच्याकडनं."

व्याह्यांनी घास गिळून मान डोलावली. "व्हय, हाय की. लिव्हा साहेब, धोका कायम हाय. वैनी, लिंबू आसंल तर बघा जरा."

हवालदार जुने होते, त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. पुढचा कागद शेजाऱ्याच्या जबाबाचा होता. शेजारी म्हणजे पुन्हा व्याहीच, कारण बांध त्यांचाच. ते म्हणाले, "आमचं पावणं लई साधं माणूस. मुंगी मारायचं न्हाय."

"मग बंदूक कशाला पाहिजे?"

"म्हणूनच तर पायजे. साध्या माणसाला कोण भितं आजकाल?"

कायद्याच्या पुस्तकांत या प्रश्नाचं याहून नेमकं उत्तर असेल असं मला वाटत नाही. हवालदारांनी मात्र 'शेजाऱ्यांचे मत चांगले आहे' एवढंच लिहिलं.

चौकशीनंतर वैद्यकीय प्रमाणपत्र. अर्जदार शरीरानं आणि मनानं सक्षम आहे असं डॉक्टरांनी लिहून द्यायचं असतं. शरीराचा भाग सोपा असतो. रक्तदाब मोजतात, डोळे तपासतात. मनाचं कसं तपासायचं हा डॉक्टरांपुढे प्रश्न होता. त्यांनी मामांना विचारलं, "या कामासाठी आतापर्यंत किती चकरा झाल्या?" मामा म्हणाले, "मोजल्या न्हाईत. होतंय काम हळूहळू." डॉक्टरांनी लगेच सही केली. एवढं होऊनही ज्याचं डोकं शांत आहे, त्याच्या हाती बंदूक द्यायला हरकत नाही असा त्यांचा हिशेब असावा.

मग हत्यार पडताळणी. याला बंदूक स्वतः हजर लागते. मामांची बंदूक एका जुन्या धोतरात गुंडाळलेली असते, धोतर गोणपाटात आणि गोणपाट लोखंडी पेटीत, पेटीवर मामींच्या साड्यांचं गाठोडं. एवढी वेष्टनं सोडवेपर्यंत चोर चहा पिऊन, घर झाडून निघून जाईल. पण पडताळणीच्या दिवशी ती बाहेर निघते, नळ्यांमधून चिंधी फिरते, दस्त्याला खोबरेल लागतं आणि सगळ्या घरात सणाचा वास सुटतो. ठाण्यात टेबलावर ती आडवी ठेवली की खरं काम सुरू होतं. नळीच्या बुडाशी ठोकलेला नंबर आणि परवान्याच्या वहीतला नंबर जुळला पाहिजे. मामांच्या बंदुकीचा नंबर वर्षानुवर्षांच्या तेलपाण्यानं इतका गुळगुळीत झालाय की त्यातला एक आकडा आठ आहे की तीन, हे बघणाऱ्याच्या श्रद्धेवर अवलंबून असतं. त्यावर खडू घासला जातो, फुंकर मारली जाते, मोबाईलचा टॉर्च तिरका धरला जातो. कोणी म्हणतं तीन, कोणी म्हणतं आठ. मामा तेवढ्यापुरते डोळे मिटतात. मग ठाण्यातलं एखादं तरुण पोरगं मोबाईलवर फोटो काढून दोन बोटांनी मोठा करतं आणि म्हणतं, "आठच आहे." तेव्हा कुठे मामांचा श्वास खाली बसतो.

काडतुसांचाही हिशेब असतो. किती घेतली, किती शिल्लक, उरलेली कुठे गेली. मामांनी एकदा उडवलेलं काडतूस फुसकं निघालं होतं. ते त्यांनी आगपेटीत कापसावर ठेवून जपलंय. कुणाला दात पडल्यावर जपून ठेवायची सवय असते, मामांना हिशेबाची आहे. बाकीची काडतुसं जशीच्या तशी आहेत. ती बहुधा खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली असतील. १८६९ पासून तो कारखाना पुण्यात आहे. तिथून शिरूरपर्यंतचा प्रवास हाच त्या काडतुसांचा आयुष्यातला सगळ्यात वेगवान प्रवास ठरला.

नूतनीकरण झालं म्हणजे बंदूक घरात राहते असं मात्र समजू नका. निवडणूक नावाची गोष्ट अजून बाकी आहे. आचारसंहिता लागली की जिल्ह्यात छाननी समिती बसते, परवानाधारकांची यादी निघते आणि ज्यांची नावं निघतात त्यांनी हत्यार ठाण्यात जमा करून पावती घ्यायची. मामांचं नाव निघतंच, कारण देव्हाऱ्यामागची ती अदखलपात्र नोंद. २०२४ साली दौंडला, म्हणजे बारामती लोकसभेला, ७ मे रोजी मतदान झालं. शिरूरला १३ मे रोजी. ते उरकून पावसाळा संपतोय तोवर विधानसभा आली, २० नोव्हेंबरला मतदान. पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात नगरपालिका. मामांची बंदूक त्या काळात नव्या सासुरवाशिणीसारखी सणापुरती घरी यायची, दोन दिवस राहायची आणि पुन्हा बोलावणं आलं की निघायची. मामी एकदा म्हणाल्या, "तिला तिकडंच राहू द्या की. येऊन जाऊन दमती बिचारी."

गावात वर्षभर डोकी शांत असतात आणि नेमकी निवडणुकीत तापतात. तेव्हा हत्यारं ठाण्यात असणं हे गावाच्या दृष्टीनं शहाणपणाचंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण परवान्याच्या दृष्टीनं हिशेब असा होतो की धोका असतो तेव्हा बंदूक ठाण्यात असते, आणि बंदूक घरी असते तेव्हा धोका पोहे खात असतो.

शिरूरला एक धोका मात्र खरा आहे आणि त्याला निवडणूक माहीत नाही. बिबट्या. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके येतात, आणि या चारही तालुक्यांतल्या उसात बिबट्यांचे संसार आहेत. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेडला माणसं गेली, लहान लेकरं गेली. त्यावर विनोद करायची कुणाची छाती नाही. तेव्हापासून त्या भागातल्या बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाताना दिसल्या. मामांना गावातला एक जण म्हणाला, "तुमच्याकडं तर बंदूक हाय." मामा गप्प बसले, कारण मामांनी कायदा वाचलेला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो अंगावर आला आणि जीव वाचवायला मारला तर गोष्ट वेगळी, एरवी त्याच्या केसालाही धक्का लावता येत नाही. रानडुकराचं तरी काय, पिकाचं नुकसान करतं म्हणून त्याला मारायचं तर वनखात्याची वेगळी परवानगी. म्हणजे बंदुकीचा परवाना आहे, काडतुसाचा हिशेब आहे, नेम धरायला डोळा आहे, पण समोर येणाऱ्या प्रत्येक जनावराचा स्वतंत्र कायदा आहे. आणि मुळात माणूस रात्री उसात का जातो? कारण पंपाची वीज रात्रीची येते. दिवसा थ्री फेज मिळाली तर निम्मे लोक बिबट्याच्या वाटेला जाणारच नाहीत. ती मागणी गावं कधीपासून करतायत. तोवर गळ्यातला पट्टा. त्याला परवाना लागत नाही, नूतनीकरण लागत नाही, आणि आचारसंहितेत तो जमाही करावा लागत नाही.

आता दौंडच्या दाजींकडे येऊ. दाजींचा धोका वेगळ्या जातीचा. कुरकुंभ एमआयडीसीच्या आजूबाजूला जमिनींचे भाव चढले तेव्हा दाजींनी थोडे प्लॉट विकले, थोडे घेतले, आणि एक दिवस त्यांना गुंठामंत्री म्हणायला लोकांनी सुरुवात केली. गुंठामंत्र्याला सोन्याची साखळी लागते, पांढरी गाडी लागते आणि कमरेला काहीतरी लागतं. रोकड घेऊन फिरावं लागतं, हे कारण दाजींनी दिलं. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं रिव्हॉल्वर घेतलं. याच कारखान्यानं २०१४ साली 'निर्भीक' नावाचं अर्ध्या किलोचं खास बायकांसाठीचं रिव्हॉल्वर काढलं होतं, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. दाजींनी ताईला विचारलं, "तुलाही घेऊ का एक?" ताई म्हणाली, "मला कशाला? तुम्ही घरात असता तेव्हा माझा आवाज पुरतो."

दाजींची अडचण वेगळीच निघाली. २०१६ च्या नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हत्यार न्यायचं तर ते म्यानात असलं पाहिजे आणि पूर्ण झाकलेलं असलं पाहिजे. पूर्ण झाकलेलं! म्हणजे एवढा खर्च, एवढी चौकशी, एवढे हेलपाटे, आणि शेवटी कुणाला दिसताच कामा नये. दाजींसारख्या माणसाला हा नियम जिव्हारी लागला. त्यांनी त्यावर तोडगा काढला. लग्नात पंगतीला बसले की दाजी पाच-पाच मिनिटांनी मागच्या खिशातला रुमाल काढतात. रुमाल काढायला सदरा वर करावा लागतो. सदरा वर झाला की शेजारच्याला काय दिसायचं ते दिसतं, आणि दाजी 'अरेरे, दिसलं का?' अशा चेहऱ्यानं सदरा खाली करतात. थंडीच्या लग्नातही दाजींना इतका घाम का येतो, हे आमच्या आत्याला अजून कळलेलं नाही. एकदा नवरदेवाच्या मित्रांनी "दाजी, एक बार होऊन जाऊ द्या" असा आग्रह धरला. दाजींचा घाम तेव्हा खरा होता. हौसेच्या गोळीबारानं कुणाचा जीव धोक्यात आणला तर २०१९ च्या दुरुस्तीनं दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. दाजींनी पोरांना आइस्क्रीम देऊन वाटेला लावलं.

वर्षात एक दिवस मात्र ते रिव्हॉल्वर राजरोस उघडं असतं. दसऱ्याला. पाटावर तलवार, विळा, कोयता, दाजींच्या गाडीची किल्ली आणि रिव्हॉल्वर, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूचं फूल आणि आपट्याचं पान. त्या दिवशी ते विळ्याशेजारी अगदी गरीब दिसतं. विळ्यानं वर्षभर काम केलेलं असतं.

परवान्यावर तो कुठवर चालेल ते क्षेत्र लिहिलेलं असतं; कुणाला जिल्हा, कुणाला राज्य, कुणाला सबंध देश. दाजींच्या वहीत 'महाराष्ट्र राज्य' आहे. म्हणजे भीमा ओलांडून श्रीगोंद्याला जायला हरकत नाही, पण दर वर्षी ते दत्तदर्शनाला गाणगापूरला जातात आणि दौंडहून जाणारी गाडी सोलापूर सोडून दुधनीच्या पुढे गेली की कर्नाटक लागतो. पहिल्या वर्षी दाजींनी मला फोन करून विचारलं, "दुधनीला उतरून ठेवायची काही सोय असते का?" ताईनं मागून फोन हिसकावून घेतला. "दत्ताला भेटायला चाललोय आपण. त्याच्याकडं त्रिशूळ आहे, चक्र आहे, आणि मागं चार कुत्री आहेत. तुमची गरज न्हाय." रिव्हॉल्वर घरीच राहिलं. दत्तगुरूंनी तेवढ्यावर भागवून घेतलं.

राज्याची हद्द बदलली की बंदुकीचा कायदा बदलतो, हे दुखणं आमच्याच नशिबी आहे असं दाजींना वाटायचं. त्यांची समजूत मामांच्या मुलानं घालवली. तो अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात बक्स काउंटीला राहतो, आता तिकडचा नागरिक आहे आणि त्याच्याकडे झाकून पिस्तूल बाळगायचा परवाना आहे. त्याचंही नूतनीकरण दर पाच वर्षांनी. हे कळल्यावर मामांना मुलाबद्दल पहिल्यांदाच खरी माया वाटली. फोनवर त्यांनी विचारलं, "तुमच्याकडं कलेक्टर देतो का?"

"नाही अप्पा, शेरीफ."

आपल्याकडे मुंबईला शेरीफ असतो, त्याला नगरपाल म्हणतात आणि त्याच्याकडे समारंभाचं काम असतं. तो बंदुका वाटतो हे मामांना पटेना. पुढचं तर मुळीच पटलं नाही. अर्ज, वीस डॉलर, पार्श्वभूमीची तपासणी, फोटो, झालं. कारणाच्या रकान्यात 'स्वसंरक्षण' वर खूण करायची.

"पण कुणापास्नं संरक्षण?"

"ते विचारत नाहीत."

"शत्रूचं नाव विचारत न्हाईत? मग तो परवाना कसला!" मामांचा स्वर दुखावलेला होता. एवढ्या कष्टानं सांभाळलेला शत्रू तिकडे काही कामाचाच नव्हता.

न्यूयॉर्कमध्ये मात्र परवापर्यंत अगदी आपल्यासारखं होतं. तिथे शंभर वर्षांहून जुना कायदा सांगायचा की हत्यार बाळगायचं तर खास कारण दाखवा. २३ जून २०२२ ला त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं ती अट उडवली. दुसऱ्या बाजूला टेक्साससारखी राज्यं. तिथे २०२१ पासून परवानाच लागत नाही, आणि अशी राज्यं आता पन्नासांपैकी एकोणतीस झाली आहेत. त्या देशात सामान्य लोकांच्या हाती माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत. आपल्याकडे २०१६ अखेरच्या गृह मंत्रालयाच्या आकड्यांप्रमाणे सगळ्या देशात परवाने साडेतेहतीस लाखांच्या वर, त्यात एकट्या उत्तर प्रदेशात पावणेतेरा लाख आणि महाराष्ट्रात चौऱ्याऐंशी हजार. मामा त्या चौऱ्याऐंशी हजारांतले एक आहेत, आणि हा आकडा त्यांनी पाठ केलेला आहे.

पण गंमत पुढे आहे. आमच्या या मामेभावाच्या घरापासून डेलावेअर नदी जवळ. नदीपलीकडे न्यू जर्सी. पलीकडे एडिसनला देशी दुकानं, तिथे भाजणी, कुरडया, बाकरवडी सगळं मिळतं. पण न्यू जर्सी दुसऱ्या कुठल्याच राज्याचा परवाना मानत नाही. परवान्याशिवाय पिस्तूल बाळगताना सापडलात तर गंभीर गुन्हा, आणि किमान साडेतीन वर्षं आत काढायची तरतूद. म्हणून दर रविवारी बाकरवडीला निघायच्या आधी तो पिस्तूल कपाटात कुलूपबंद करतो. याच बक्स काउंटीतून २५ डिसेंबर १७७६ च्या रात्री जॉर्ज वॉशिंग्टन बंदुका-तोफांसकट डेलावेअर ओलांडून न्यू जर्सीत गेला आणि लढाई जिंकून आला. आजच्या कायद्यात गेला असता तर अमेरिकेचं स्वातंत्र्य साडेतीन वर्षं पुढे गेलं असतं. आणि आपला माणूस एच-वन व्हिसावर असला तर हा सगळा खटाटोपच नाही. शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद सोडले तर व्हिसावाल्याला तिकडे बंदूक घेता येत नाही. ग्रीनकार्डाची रांग शेवटी सगळ्यांत प्रभावी शस्त्रबंदी ठरली आहे.

मामांचा विचार वेगळाच चालला होता. नियम असा आहे की परवानाधारक सत्तरीला पोचला किंवा त्याच्याकडे हत्यार पंचवीस वर्षं झाली, की तो ते वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करू शकतो. वारसाला अर्थात स्वतःचा परवाना काढावा लागतो. मामा सत्तरी ओलांडून गेलेत. सातबाऱ्यावर तिन्ही मुलांची नावं लागली, विहिरीच्या पाळ्या ठरल्या, मामींच्या पाटल्यांची वाटणी झाली. बंदूक राहिली. थोरला म्हणाला, मला नको, ठाण्याच्या चकरा कोण मारणार. मधला म्हणाला, मला शत्रू नाही. धाकटा पेनसिल्व्हेनियात, त्याच्याकडे स्वतःचं आहे आणि तेही रविवारी कपाटात असतं. शेवटी व्याहीच म्हणाले, "जावयाच्या नावानं करा की." म्हणजे ज्या घराकडून धोका म्हणून बंदूक घेतली, ती त्याच घरात जाणार. मामांनी विचारलं, "मग तिकडं चौकशीत धोका कुणाकडनं म्हणून लिवायचं?"

व्याह्यांनी सुपारी कातरता कातरता उत्तर दिलं, "तुमच्याकडनं."

बंदूक माणसाचं रक्षण करते, असं म्हणतात. मी दोन नद्यांच्या काठांवर बघितलं ते इतकंच की माणूस बंदुकीचं रक्षण करतो. तिला तेल लावतो, तिचा नंबर जपतो, तिच्यासाठी डॉक्टरकडे जातो, तिच्यासाठी शत्रू सांभाळतो. तेव्हा ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांनी मुदत संपायच्या किमान साठ दिवस आधी अर्ज करावा, ठाण्यातली पावती हरवू नये आणि लग्नात रुमाल वरच्या खिशात ठेवावा. ज्यांना नवा परवाना काढायची हौस आहे त्यांनी त्याआधी भूमी अभिलेख कार्यालयात जाऊन बांधाची मोजणी करून घ्यावी. मोजणीची फी रिव्हॉल्वरपेक्षा पुष्कळ कमी आहे, आणि हद्दीच्या दगडाचं नूतनीकरण करावं लागत नाही.